थोरली, २०१९क

१

सोमवारी सकाळी कंसमामा ग्रंथालय उघडायला आले तेव्हा पायरीवर टाचणी बसली होती. मांडीवर तिचा काळ्या बांधणीचा प्रबंध, प्रबंधावर एक लिफाफा. तिचा चेहरा बघून मामांनी कुलूप काढायच्या आधी लिफाफाच हातात घेतला.

पत्र सात ओळींचं होतं. नातेवाइकांनी वृद्धाश्रमांबद्दल इंटरनेटवर जे अभिप्राय लिहिलेले असतात, त्यांवर टाचणीनं सहा वर्षं घालवून प्रबंध लिहिला होता. त्यात ‘थोरली’ या टोपणनावानं २०१९ साली लिहिलेले दोन अभिप्राय होते, आणि असे अभिप्राय त्या संकेतस्थळावर मुळात नाहीतच, अशी तक्रार त्या वृद्धाश्रमानं केली होती. विद्यापीठानं पाहिलं. खरंच नव्हते. बनावट संदर्भ दिल्याबद्दल पदवी का काढून घेऊ नये, याचा खुलासा शुक्रवारी अकरा वाजता समितीसमोर करायचा होता.

“मी वाचलेत ते, मामा,” टाचणी म्हणाली. “एकदा नाही, पन्नासदा वाचलेत. तोंडपाठ आहेत.”

“तोंडपाठ असून काय उपयोग? पडद्याचे फोटो घेतले होतेस की.”

“विभागाच्या संगणकावर होते. तो सुट्टीत भंगारात गेला. छापील प्रती निळ्या फायलीत, विभागाच्या कपाटात. परिशिष्टात घालणार होते, तर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पानं वाढतात, राहू दे.” तिनं नाक पुसलं. “आत्ताच कपाट बघून आले. माझ्या बाकीच्या सगळ्या फायली जागेवर आहेत. निळी तेवढी नाही.”

कंसमामांचं हे नाव त्यांच्या कामावरून पडलं होतं. तळमजल्यावरच्या ओल धरलेल्या खोलीत बसून, जमा होणाऱ्या प्रत्येक प्रबंधाची संदर्भसूची तपासायची, हेच त्यांनी एकतीस वर्षं केलं. पद्धत लेखक-वर्षाची: मजकुरात कंसात लेखकाचं नाव आणि साल, बाकीचा तपशील शेवटच्या यादीत. कंसाबाहेर सांडलेला पूर्णविराम त्यांना म्हणे जिन्यावरूनच दिसायचा. खऱ्या कंसानंही इतकी पोरं रडवली नसतील असं पोरं म्हणत. प्रत्यक्षात या माणसानं कधी शिपायावरसुद्धा आवाज चढवला नव्हता.

टाचणीनं प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं. तिथे मामांची सही होती आणि सहीच्या वर छापलेलं होतं, ‘सर्व संदर्भ तपासले आहेत.’ मामांनी स्वल्पविराम तपासले होते. अभिप्राय एकही उघडून पाहिला नव्हता. त्यांना आतून फार ओशाळल्यासारखं झालं.

“शुक्रवारपर्यंत चार दिवस आहेत,” ते म्हणाले. “कपाटाच्या किल्ल्या किती?”

“दोन. एक बाईंकडे, दुसरी खिळ्याला. ती मागच्या आठवड्यात सबुरीनं नेली होती.”

२

सबुरी टाचणीबरोबरचाच संशोधक. नऊ वर्षं झाली, प्रबंध काही संपेना, कोणी विचारलं की म्हणे, “जरा सबुरीनं घ्या.” दोघांचाही डोळा विभागातल्या एकाच जागेवर होता आणि टाचणीची पदवी गेली तर ती जागा आपोआप सबुरीच्या पदरात पडणार होती. त्यामुळे मामा त्याच्या टेबलाशी गेले तेव्हा तो आधीच घामाघूम होता.

“किल्ली मी नेली, मामा. खोटं कशाला बोलू? पण तिची यादी बघायला. माझी यादी बाईंनी सात वेळा परत केली. अभिप्रायांचे संदर्भ कसे लिहायचे तेच मला उमगेना, म्हणून तिच्या फायलीतून उतरवून घेतलं.”

“निळी फाइल होती?”

“होती ना. चाळली मी. दोन पानं होती त्या थोरलीची. नाव, तारीख, खाली मजकूर. बाईंचा चेहरा दिसत नव्हता, फोटोच्या जागी घड्याळ होतं.”

“कुठल्या बाईंचा?”

“थोरलीचा हो! लोक लावतात ना फोटो. हिनं मनगटी घड्याळ लावलं होतं, जुनं, बारीक पट्ट्याचं. बघून मी फाइल परत ठेवली.” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “मामा, टाचणी खोटी नाही. पण मी सांगितलं तर समिती म्हणेल, दोघं मिळालेले आहेत.”

“ते अभिप्राय आणखी कोणाला माहीत होते?”

“सगळ्या विभागाला. मे महिन्यात चर्चासत्रात तिनं ते प्रकरण वाचून दाखवलं. ते वाक्य ऐकून तर हशा झाला.”

वाक्य एकशे बेचाळिसाव्या पानावर होतं. मामांनी ते तिथेच उभ्यानं वाचलं: ‘ही मुलगी दोनदा तक्रार करते, आईला मात्र तिथून हलवत नाही, लिहून मोकळं होणं हाच तिच्या लेखी उपाय आहे (थोरली २०१९अ, २०१९ब).’

“कोणीतरी म्हणालं, अशी लेक असण्यापेक्षा नसलेली परवडली. सगळे हसले,” सबुरी म्हणाला.

“बाईपण?”

“बाई तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या बहुतेक.”

बाई म्हणजे टाचणीच्या मार्गदर्शक आणि विभागप्रमुख. त्यांच्या खोलीत पुस्तकं उंचीनुसार लावलेली असत आणि खुर्चीत बसणारा माणूस आपोआप ताठ बसे. मामांशी त्यांचं सूत जमत असे, कारण संदर्भसूचीच्या बाबतीत त्या मामांच्याही वरचढ होत्या.

“फाइल मी पाहिलेली नाही,” त्या म्हणाल्या. “कपाट मी वर्षातून दोनदा उघडते.”

“पोरीची पदवी जाईल, बाई.”

“मी समितीला सांगेन की मुलगी प्रामाणिक आहे. याहून जास्त मार्गदर्शक काय करू शकतो?” त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले, ते आधीच सरळ होते. “किती वाजले हो? मला तास आहे.”

मामांनी वेळ सांगितली, बाई उठल्या. जिना उतरताना मामांना काहीतरी खटकलं, पण काय ते खाली पोचेपर्यंत हाताशी लागलं नाही.

३

मंगळवारी मामा वृद्धाश्रमात गेले. तक्रार त्यांची, तेव्हा संशय घ्यायचा तर पहिला त्यांचाच घ्यायला हवा होता.

इमारत स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की आत कोणी राहतं असं वाटू नये. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांमध्ये म्हातारी माणसं गाढ झोपली होती. खिडक्यांना आतून कड्याच नव्हत्या. मामांची आई थोरल्या भावाकडे असते. आपण आठ महिन्यांत तिकडे फिरकलेलो नाही, हे त्यांना तिथे उभं असताना आठवलं.

व्यवस्थापक गोड बोलणारा होता. “आम्ही कसे पुसणार, काका? अभिप्राय ज्यानं लिहिला त्यालाच पुसता येतो. आमच्या हातात असतं तर निम्मे पुसले असते.” स्वतःच्या विनोदावर तो हसला. “तुमच्या मुलीच्या प्रबंधातला उतारा पेपरात आला. आम्ही आमच्या पानावर पाहिलं, असं कोणी लिहिलेलंच नाही. मग गप्प बसायचं का?”

“सगळीकडे पाहिलंत?”

“आमच्या पानावर. मागच्या इमारतीचं पान निराळं. तिकडे अगदी शेवटच्या अवस्थेतले लोक हलवतो आम्ही. ते पान कोण वाचतंय?”

परत येताना मामा हिशेब जुळवत होते. लिहिणाऱ्यालाच पुसता येतं. म्हणजे थोरलीनंच पुसलं. पण फाइल कपाटातून गेली होती, आणि वृद्धाश्रमात आई ठेवलेल्या कुठल्या अनोळखी बाईला विभागाच्या कपाटाची किल्ली कोण देणार? पुसणारी एक आणि चोरणारा दुसरा, असं मानलं तर दोघांची गाठ कुठे पडली ते कळेना. डोकं चालेनासं झालं.

खोलीवर टाचणी वाट बघत होती. तिच्या पायाशी दोन पिशव्या होत्या.

“जुने खर्डे आणलेत सगळे,” ती म्हणाली. “बाईंनी तपासलेले. यातून काही निघत असेल तर बघा. मला तर आता अक्षरसुद्धा दिसत नाही.”

४

बाई हिरव्या शाईनं तपासत आणि शेवटच्या पानावर तारीख घालत. मामांनी खर्डे तारखेनं लावले आणि प्रत्येकाची फक्त संदर्भसूची वाचायला घेतली. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. बुधवारी दुपारी, डिसेंबरच्या खर्ड्यावर, त्यांचं बोट थांबलं.

एकाच लेखकाचे एकाच सालचे अनेक संदर्भ असले, की सालापुढे अ, ब, क लावतात. आणि तो क्रम ठरतो शीर्षकांच्या वर्णानुक्रमावरून. टाचणीनं बरोबरच लिहिलं होतं:

थोरली. २०१९अ. ‘खिडक्या उघडत नाहीत’.
थोरली. २०१९ब. ‘दुपारी सगळे झोपलेले’.

आधी ख, मग द. पण बाईंनी दुसऱ्या ओळीतला ब हिरव्या शाईनं खोडून क केला होता. आणि दोन ओळींच्या मधोमध, काही राहिलं असलं की घालतात ती छोटी टोपीसारखी खूण होती. खुणेच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

“हे काय गं?”

टाचणी वाकली. “ते होय! बाई चुकल्या होत्या. सहा वर्षांत तेवढ्या एकदाच. मी दाखवलं, म्हटलं बाई, दोनच आहेत, क कुठून आला? तर म्हणाल्या, ‘हो, चुकलं.’ आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मला तर मनातून गंमतच वाटली होती.”

मामांनी त्या खुणेवर पुन्हा बोट ठेवलं. बाईंच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द त्यांनी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता.

“तू वृद्धाश्रमाचं मुख्य पानच पाहिलंस ना? मागच्या इमारतीचं?”

“तिचं निराळं पान आहे?”

मामांनी संगणक सुरू केला. मागच्या इमारतीच्या पानावर साडेतीनशेहून जास्त अभिप्राय होते, बरेचसे एकेका ओळीचे. दोघं आळीपाळीनं वाचत गेले. चार वाजून गेल्यावर टाचणीनं एकदम मामांचं मनगट घट्ट धरलं.

पडद्यावर एका जुन्या, बारीक पट्ट्याच्या घड्याळाचा फोटो होता. शेजारी नाव होतं, थोरली. तारीख २ नोव्हेंबर २०१९. शीर्षक होतं, ‘घड्याळ काढून घेतलं’.

५

ख, मग घ, मग द. तिसरा अभिप्राय बरोबर मधे बसत होता.

‘आईला मागच्या इमारतीत हलवलं,’ थोरलीनं लिहिलं होतं. ‘तिचं घड्याळ काढून घेतलं. म्हणाले, इथे त्याची गरज नसते. ती दर थोड्या वेळानं किती वाजले विचारते आणि कोणी सांगत नाही. मी रविवारी जाते तेव्हा पहिलं तेच विचारते.’

“सापडलं, मामा!” टाचणी उभी राहिली. “थोरली आहे. खरी आहे. सुटले मी!”

“बस,” मामा म्हणाले. “तिसरा आहे म्हणून पहिले दोन होते, असं सिद्ध होत नाही. ते फक्त थोरलीच सांगू शकते.”

“ती कुठे शोधायची?”

मामांना ती सापडली होती आणि त्याचा त्यांना काडीचाही आनंद झाला नव्हता. त्यांनी टाचणीला घरी पाठवलं, तिसऱ्या अभिप्रायाची छापील प्रत काढली, आणि गुरुवारी सकाळी पहिला तास संपल्यावर बाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं.

“किती वाजले, बाई?” त्यांनी विचारलं.

बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं. बारीक पट्ट्याचं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ते बंद आहे,” मामाच म्हणाले. “सोमवारी तुम्ही मला वेळ विचारलीत. हातात घड्याळ असून.”

“जुनं आहे. सवयीनं घालते.”

मामांनी डिसेंबरचा खर्डा आणि छापील प्रत शेजारी शेजारी ठेवली. “टाचणीला दोनच अभिप्राय माहीत होते. तुम्ही क केलात. मधे तिसरा बसतो हे तिच्या आधी तुम्हाला माहीत होतं. हाताच्या सवयीनं क्रम सुधारलात, आणि नोंद लिहायला गेलात तेव्हा भानावर आलात.”

“मी तो कुठेतरी वाचला असेन.”

“नुसता वाचला असता तर तुम्ही तिला तो घालायला लावला असता. एका स्वल्पविरामासाठी प्रबंध परत पाठवणाऱ्या तुम्ही. अख्खा संदर्भ राहिलेला बघून गप्प बसाल? आणि २०१९च्या नोव्हेंबरात तुमच्या आई गेल्या. चौथ्या दिवशी तुम्ही कामावर हजर होता. मीच म्हटलं होतं, कमाल आहे तुमची.”

बाहेर व्हरांड्यात मुलं हसत गेली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“ती पहिल्यांदा ते अभिप्राय घेऊन आली तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “नाही म्हटलं. कुठेतरी वाटत होतं, कोणीतरी वाचावं. नाव थोडंच आहे माझं? मग तिनं ते वाक्य लिहिलं. मी त्याच्यावर हिरवी रेघसुद्धा मारू शकले नाही, कारण वाक्यात चूक नव्हती.”

“आणि चर्चासत्र झालं.”

“माझे विद्यार्थी हसले, मामा. मी दाराबाहेर उभी होते. संध्याकाळी घरी जाऊन दोन्ही पुसून टाकले. तेव्हा एवढंच डोक्यात होतं, की ते कुठे राहू नयेत. वृद्धाश्रम तक्रार करेल, पोरीच्या गळ्याशी येईल, हे मनातसुद्धा आलं नाही. आणि पत्राची प्रत आधी माझ्याकडे आली तेव्हा घाबरून फाइल उचलली. फाडायला घेतली, फाडवली नाही. घरी आहे.”

“तिसरा का नाही पुसलात?”

बाईंनी उजव्या हातानं डावं मनगट झाकलं. “तो पुसवेना.”

मामा उठले. “उद्या मी समितीला हे दोन कागद देणार. तिसरा अभिप्राय आहे, एवढंच सांगणार. कोणी लिहिला, ते मी बोलणार नाही. ते लिहिणाऱ्यानं सांगायचं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर पोरगी जाईल,” मामा म्हणाले, आणि दार उघडून बाहेर पडले.

६

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली तेव्हा बाईंची खुर्ची रिकामी होती. टाचणीनं दोनदा तिकडे पाहिलं. मामांनी कागद मांडले, आपली सही बेजबाबदार होती हेही सांगून टाकलं. अध्यक्षांनी तिसरा अभिप्राय वाचला, चष्म्यावरून मामांकडे बघितलं आणि नेमकं तेच म्हणाले, ज्याची मामांना धास्ती होती: “यावरून पहिले दोन होते असं कसं म्हणायचं? हा वाचून तिनं बाकीचे दोन रचले असतील.”

टाचणीनं तिसऱ्यांदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. अध्यक्षांनी समोरचे कागद गोळा करायला घेतले. मग दार उघडलं.

बाई आत आल्या, बसल्या नाहीत. त्यांनी निळी फाइल अध्यक्षांसमोर ठेवली.

“यात दोन्हींचे फोटो आहेत, तारखांसकट. फाइल मी उचलली होती. अभिप्राय मीच पुसले.” त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच होता. “मीच लिहिले होते. थोरली मी.”

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. टाचणीची पदवी राहिली. बाईंनी विभागप्रमुखपद सोडलं, आणि त्यांची चौकशी लागली ती पुढे कित्येक महिने चालली. सबुरीनं पहिल्यांदाच घाई करून टाचणीचं अभिनंदन केलं. टाचणी मात्र बाईंशी एक अक्षर बोलली नाही. समितीतून निघताना ती त्यांच्याकडे न बघता गेली.

समितीनं एकच अट घातली होती. प्रबंधातले ते संदर्भ दुरुस्त करायचे. म्हणून पुढच्या आठवड्यात एका दुपारी टाचणी मामांच्या खोलीत यादी घेऊन बसली होती, आणि दारात बाई येऊन उभ्या राहिल्या. बोलावलं कोणी नव्हतं. मामांनी खुर्ची पुढे केली.

पहिल्यांदा बोलली ती टाचणीच. मान खाली घालून तिनं विचारलं, “बाई, ते वाक्य काढू का?”

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “फक्त ‘दोनदा’च्या जागी ‘तीनदा’ कर.”

टाचणीनं केलं. बाईंनी यादीकडे पाहिलं. “यात आता मला कुठे घालणार, मामा?”

“पुसलेले दोन यादीत येणार नाहीत,” मामा म्हणाले. त्यांना हे सांगणं जड जात होतं, पण नियम तो नियम. “वाचकाला शोधून जे सापडणार नाही, ते यादीत घालत नाहीत. मजकुरात कंसात तुमचं नाव, ‘व्यक्तिगत संवाद’ आणि तारीख, एवढंच. यादीत एकच राहील. आणि एकच राहिला की अ, ब, क काही लागत नाही.”

“म्हणजे घड्याळ तेवढं राहिलं.”

“हो.”

बाईंनी टेबलावरचं हिरवं पेन उचललं, टाचणीपुढची यादी आपल्याकडे ओढली आणि सालापुढचं अक्षर स्वतःच्या हातानं खोडलं. मग त्यांनी विचारलं, किती वाजले, आणि टाचणीनं वेळ सांगितली.